गाडीतला पेट्रोलचा वास : प्रेशर रेग्युलेटर निवडताना आणि बसवताना

दर तीन महिन्यांनी अम्मींना डोळे दाखवायला नागपूरला न्यावे लागते. काचबिंदू आहे, तारीख चुकवून चालत नाही. गोंदिया जंक्शन असल्याने रेल्वेगाड्यांची कमी नाही, पण अम्मींच्या गुडघ्यांना स्टेशनचा पूल झेपत नाही. म्हणून कोहमारा, साकोली, भंडारा असा रस्त्याचा प्रवास आणि त्यासाठी आमची २००४ सालची, एमएच-३५ पाटीची पेट्रोल गाडी. तिची नोंदणी आम्ही आरटीओकडून दोनदा वाढवून घेतली आहे. गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जे बिघडले तो वयाचा दोष होता, कंपनीचा नव्हे.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचे ॲव्हरेज घसरू लागले. लिटरला चौदा-पंधरा देणारी गाडी दहावर आली. सकाळी नीट सुरू व्हायची, पण बाजारात दहा मिनिटे थांबवून पुन्हा किल्ली फिरवली की बराच वेळ नुसता स्टार्टर फिरायचा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले तर काजळ. पीयूसीवाल्याने यंत्राकडे पाहून मान हलवली. आणि एका संध्याकाळी गोरेगावहून परतताना मागच्या सीटवरून अम्मी म्हणाल्या, "बेटा, घासलेटसारखा वास येतोय का?" घासलेट नव्हते, पेट्रोल होते. खिडक्या उघडून, मुलांना पुढे-मागे करून कसेबसे घरी पोहोचलो.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर नवा टाकला आणि साडेचार हजारांचे बिल दिले. वास तसाच. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "कॉम्प्युटर गेला असेल, बारा-पंधरा हजार लागतील." शिक्षकाचा पगार आणि दोन मुलांचे शिक्षण ज्यांच्या घरात आहे त्यांना हे वाक्य कसे लागते ते सांगायला नको. तेव्हा आम्ही रेल्वेलाइनच्या पलीकडच्या आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो. आधीच का गेलो नाही, याला उत्तर नाही. त्यांच्याकडे चकचकीत बोर्ड नाही, एवढेच.

उस्तादांनी हातातली विडी दूर जाऊन विझवली, बोनेट उघडले, इंजिन चालू ठेवले आणि इंजेक्टरांच्या नळीच्या टोकाला असलेल्या, मुठीत मावेल अशा गोल डबीवरून एक बारीक रबरी पाइप उपसला. त्यातून पेट्रोलचा थेंब टपकला. "सर, या पाइपात फक्त हवा असायला पाहिजे. रेग्युलेटरचा पडदा फाटला." निदानाला दोन मिनिटेही लागली नाहीत.

ही डबी काय करते ते आमच्या नववीतल्या मुलीला समजावताना आम्हाला स्वतःला समजले. टाकीतला पंप पेट्रोल सतत ढकलत असतो. इंजेक्टर ते ठरावीक वेळ उघडून इंजिनात फवारतो. वेळ कॉम्प्युटर ठरवतो, पण त्याचा हिशेब दाब ठरलेला आहे असे धरून चालतो. बऱ्याच जुन्या एमपीएफआय गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो. जास्त झालेले पेट्रोल रेग्युलेटर परतीच्या पाइपने टाकीत पाठवतो. मुलगी म्हणाली, "अब्बू, म्हणजे कुकरची शिटी!" अगदी तेच. कुकरमध्ये वजन असते, इथे स्प्रिंग आणि पडदा. कुकरचा दाब साधारण १ बार, इथे त्याच्या तिप्पट. स्वयंपाकाच्या गॅसच्या रेग्युलेटरमधून शेगडीकडे जाणारा दाब तर याच्या जवळपास शंभरावा हिस्सा असतो. गॅसची नळी सैल झाली तर आपण घर डोक्यावर घेतो. गाडीतली नळी मात्र आपल्याला दिसतच नाही.

त्या बारीक पाइपाचे कामही सांगून ठेवतो. तो इंजिनाच्या हवेच्या वाटेतली ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, पडद्याच्या मागच्या बाजूला पोहोचवतो. इंजिन मंद चालत असताना ओढ जास्त, म्हणून पेट्रोलचा दाब साधारण अर्धा बार उतरतो. पेडल दाबले की पुन्हा चढतो. पडदा फाटला की पेट्रोल त्याच पाइपाने, इंजेक्टरला वळसा घालून, थेट इंजिनात शिरते. म्हणून काजळ, वास आणि गरम इंजिनाचा हट्ट. हेच पेट्रोल पुढे इंजिन ऑइलमध्येही उतरते. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर दुरुस्तीबरोबर ऑइलही बदला, नाहीतर पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. आमचे बदलावे लागले.

पण थेंब सापडला नाही तर? मग नवा रेग्युलेटर आणायची घाई करू नका. हा बारीक पाइपच चिरला किंवा निघालेला असेल तरी दाब उतरत नाही आणि गाडी पेट्रोल पिते. तो पाइप काही रुपयांना मिळतो. उस्तादांनी आमच्या गाडीला दाबाचा काटाही लावून दाखवला. पाइप काढल्यावर काटा अर्ध्या बारने वर जायला हवा आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे तरी टिकायला हवा. आमचा काटा इंजिन बंद करताच घसरत खाली आला. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत असतो. मेकॅनिकला तो विचारा. आकडा न पाहता जो पार्ट बदलायला सांगतो, त्याला आपल्या पैशांवर प्रयोग करायचा असतो.

आता खरेदी. कंपनीचा ओरिजिनल पार्ट मागवला तर कधी येईल ते दुकानदार सांगू शकेना. गाडी वीस वर्षांपूर्वीची, मॉडेल बंद. दुसऱ्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत सुटा पार्ट मिळाला, चारशे रुपयांना. ना नंबर, ना दाबाचा आकडा, ना बनवणाऱ्याचे नाव. आणि घरी पोहोचतो तर आमचा भाचा, जो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑनलाइन मागवलेला निळा चमकदार डबा टेबलावर मांडून बसलेला. वर स्क्रू, बाजूला घड्याळासारखा काटा. "मामू, हा ॲडजस्टेबल आहे. प्रेशर वाढवा, पिकअप वाढेल!"

पोरगा प्रेमाने घेऊन आला होता, म्हणून रागावलो नाही. कागद-पेन्सिल काढली. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ३ बारचे ४ केले तर चार भागिले तीनचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे पंधरा टक्के जास्त पेट्रोल. हवा मात्र तेवढीच. हवा न वाढवता पेट्रोल वाढवले तर ताकद कुठून येणार? सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून कॉम्प्युटरला पेट्रोल कमी करायला लावतो, पण पेडल पूर्ण दाबल्यावर त्याचे ऐकले जात नाही. असे रेग्युलेटर टर्बो लावलेल्या, मोठे इंजेक्टर बसवलेल्या, शर्यतीच्या गाड्यांसाठी असतात. तिथे कॉम्प्युटरही नव्याने शिकवलेला असतो. शिवाय या निळ्या डब्याला आमच्या गाडीच्या रेलवर जागाच नव्हती. नळी कापून, जोड लावून, क्लिपा आवळून बसवावा लागला असता. प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा, आणि तीही गरम इंजिनाच्या डोक्यावर. त्यावरचा काटाही पूर्ण भरवशाचा नाही. आत द्रव भरलेले स्वस्त काटे बोनेटखालच्या उष्णतेत चुकीचा दाब दाखवतात.

भाचा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग घ्यायचा कोणता?"

घेतला तो नावाजलेल्या पार्ट बनवणाऱ्याचा, बाहेरचा पण आमच्या गाडीच्याच मापाचा. नागपूरहून मागवला, साडेतेराशे रुपये पडले. दुकानदाराला आम्ही फोनवर तीन गोष्टी विचारल्या: जुन्या पार्टवरचा नंबर याच्या यादीत आहे का, अंगावर ३.० बार कोरले आहे का, आणि सोबत ओ-रिंग आहे का. पार्ट आल्यावर जुना-नवा शेजारी ठेवून पाहिले. बुडाची रुंदी, ओ-रिंगची खाच, बोल्टच्या दोन भोकांमधले अंतर, परतीच्या नळीचे तोंड आणि बारीक पाइपाचा कोंब, सगळे जुळले. दाबाचा आकडा वेगळा असेल तर बाकी सगळे जुळूनही पार्ट परत करा.

ओ-रिंगबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण पुढे आमची फजिती तिथेच झाली. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. आधी २०३० साठी ठेवलेले हे लक्ष्य सरकारने अलीकडे ओढले आणि २०२५ मध्ये ते गाठलेही. आमचा जिल्हा भाताचा. तुकडा तांदळापासूनही इथेनॉल होते, त्यामुळे आमच्याकडे त्याचे कौतुकच जास्त. पण वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांतले रबर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. काही रबर त्यात फुगते, काही कडक होऊन तडकते. म्हणून ओ-रिंग व्हिटॉनची घ्यावी आणि नळी फ्युएल इंजेक्शनसाठीचीच. हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या तोटीसाठी मिळणारे रबर "चालून जाईल" म्हणून कुणी दिले तर घेऊ नका.

रविवारी सकाळी उस्तादांच्या अंगणात, इंजिन थंड असताना, काम सुरू झाले. उस्ताद स्टुलावर, पाना भाच्याच्या हातात, आम्ही टॉर्च घेऊन. जवळ पावडरचा अग्निशामक ठेवला होता. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचे नसते. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू केले. नळीत उरलेले पेट्रोल संपले तसे ते आपोआप बंद पडले. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हा दाब न उतरवता बोल्ट सैल केला तर पेट्रोल चेहऱ्यावर उडते. तरीही जोडावर कापड धरले आणि भाच्याला उस्तादांनी स्वतःचा चष्मा घालायला लावला. परतीची नळी, बारीक पाइप, मग दहाच्या पान्याचे दोन बोल्ट. जुना रेग्युलेटर हातात आला. नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावून तो सरळ दाबून बसवला. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, म्हणून ताकद दाखवायची नाही. १० न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पान्याने मनगटाच्या जोरावर, दोन्ही बाजू आलटून-पालटून.

फ्यूज लावला, बॅटरी जोडली. भाचा सीटवर बसून किल्ली फिरवणार, तोच उस्ताद ओरडले, "स्टार्ट नाही! फक्त ऑन. दोन सेकंद, मग ऑफ. तीन वेळा." असे केले की पंप दाब भरतो, पण इंजिन थंडच राहते, ठिणगी पडत नाही. तिसऱ्या वेळी टॉर्चच्या उजेडात आम्हाला रेग्युलेटरच्या बुडाशी एक चकाकता मणी दिसला. तो फुगला, घरंगळला, आणि मागून दुसरा आला.

सगळे पुन्हा उघडले. रेलच्या भोकात आत जुनी ओ-रिंग चिकटून बसली होती. काळ्या भोकात काळी रिंग. आम्ही जुना पार्ट काढताना तिची मोजणीच केली नव्हती, आणि नवा तिच्यावर वाकडा बसला होता. इंजिन सुरू करून तसेच निघालो असतो तर कोहमाऱ्याच्या आधीच ते पेट्रोल गरम लोखंडावर पडले असते, मागे अम्मी आणि मुले. भाच्याने काही न बोलता लाकडी काडीने ती रिंग उकरून काढली. लोखंडी टोच्याने आतली बाजू ओरखडते. दुसरी नवी ओ-रिंग घातली. पुन्हा तीन वेळा ऑन-ऑफ. कोरडे. मग इंजिन सुरू करून दहा मिनिटे चालवले, पुन्हा टॉर्च, जोडाखाली पांढरा टिश्यू कागद फिरवला. कोरडा. काट्यावर बारीक पाइप लावलेला असताना अडीचच्या आसपास, काढल्यावर ३. उस्तादांनी मजुरीचे तीनशे घेतले, जास्त द्यायला गेलो तर म्हणाले, "काम तर पोरानेच केलं."

हे वाचून कुणी स्वतःच पाना उचलणार असेल तर त्याआधी आपली गाडी ओळखून घ्यावी. नव्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत परतीची नळीच नसते. रेग्युलेटर टाकीत, पंपाच्या सोबत असतो आणि बोनेटखाली शोधून सापडत नाही. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, तिथली बारीक धार कातडी भेदते. तिकडे घरच्या माणसाने जाऊच नये. सीएनजीच्या टाकीत २०० बार भरतात, त्याचा रेग्युलेटर अधिकृत केंद्राशिवाय कुणी उघडू नये. जुन्या एमपीएफआय पेट्रोल गाडीचे काम मात्र जाणत्या माणसाला शेजारी बसवून होण्यासारखे आहे. बंद गॅरेजमध्ये नको, आणि पेट्रोलची कापडे उघड्यावर सुकवा, कोपऱ्यात बोळा करून टाकू नका.

पुढच्या आठवड्यात पीयूसी पास झाली. ॲव्हरेज चौदावर आले. निळा डबा भाच्याने परत पाठवला. त्या पैशांत त्याने एक साधा दाबाचा काटा घेतला, आता मोहल्ल्यातल्या गाड्या तपासत फिरतो. ती जुनी ओ-रिंग आमच्या मुलीच्या कंपासपेटीत आहे. महिन्याच्या अखेरीस अम्मींना नागपूरला नेऊन आणले. साकोलीला चहासाठी थांबलो, गाडी पहिल्याच किल्लीत सुरू झाली. अम्मींनी दोनदा खोल श्वास घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "आता फक्त तुझ्या भज्यांचा वास येतोय."