श्रावण संपल्यावर काय?

आषाढ सरत आला की आपल्या रायगड जिल्ह्यात दोन गोष्टींची घाई उडते. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत गणपतींवर रंगाचे हात चढत असतात आणि गावोगाव गटारीचे बेत शिजत असतात. गटारी झाली की श्रावण. एरवी रोज पिणारे कितीतरी जण हा महिना कसोशीने पाळतात. काहींची मजल तर गणपती जाईपर्यंत जाते. मग घरात कोणी विषय काढलाच, तर एक हुकमी प्रश्न येतो : ''मी व्यसनी असतो तर महिनाभर राहिलो असतो का?'' बायको गप्प बसते. तिला उत्तर ठाऊक असते, पण मांडता येत नाही.

उत्तर साधे आहे. संपण्याची तारीख ठरलेली असली की माणूस पुष्कळ काही सोसतो. व्यसनाची परीक्षा महिनाभर थांबण्यात नाही. पहिला प्याला घेतल्यावर हात आखडता येतो की नाही, ही खरी परीक्षा. ज्याला तो आखडता येत नाही, तो वाईट माणूस नसतो, आजारी असतो. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे 1956 मध्येच मान्य केले होते.

या आजारावरचा एक उपाय आजाऱ्यांनीच शोधला. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल आणि अ‍ॅक्रन गावचा शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ, दोघेही दारूने पोखरलेले. मे 1935 मध्ये ते भेटले आणि लक्षात आले, की एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोलला की दोघांनाही न पिण्याचे बळ येते. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे ए.ए. उभी राहिली. मुंबईत ती 1957 मध्ये पोहोचली. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने 'मुक्तांगण' सुरू केले. तिथेही 'व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच दुसऱ्याचा हात धरतो' हा विचार रुजला.

मीटिंगमध्ये असते तरी काय? शाळेची किंवा एखाद्या संस्थेची खोली, काही खुर्च्या, चहा. तास-दीड तास. फी नाही, अर्ज नाही, आडनाव विचारणे नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. एकेक जण आपली कहाणी सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही. नव्या माणसाने नुसते बसून ऐकले तरी चालते. आणि तिथे आयुष्यभराची शपथ घ्यायला लावत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच. श्रावणाच्या नेमात आणि यात हाच फरक. श्रावणाला शेवट असतो, 'आज' रोज नव्याने उगवतो.

पेण-रोह्यासारख्या गावात अडचण निराळीच. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. धाटावच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्याला वाटते, मीटिंगच्या दारात कोणी पाहिले तर? पण रात्री तोल जाताना सगळ्या आळीने पाहिले, तेव्हा ही लाज कुठे होती? तरीही संकोच खराच असतो, आणि त्यावर तोडगाही आहे. पेणच्या माणसाने रोह्याच्या बाजूची मीटिंग शोधावी, रोहेकराने पेणच्या बाजूची. दोन्हीकडचा माणूस दिवा-रोहा गाडीने पनवेललाही जाऊ शकतो. ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा तर मीटिंगचा पहिला दंडक. 2020 च्या टाळेबंदीपासून मोबाईलवरही मीटिंगा भरू लागल्या आहेत.

शोधायचे कसे? ए.ए.च्या मुंबईतील कार्यालयाला फोन करून आपल्या जवळच्या गटाचा वार, वेळ आणि जागा विचारावी. जागा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा खात्री करावी. केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइनही आहे. मात्र एक सावधगिरी हवी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटावे, मग मीटिंग. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

हे सारे भाबडेपणाचे वाटते का? 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील 27 अभ्यास तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे वळवणारे उपचार इतर प्रचलित उपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरस ठरले. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. कोणाला तिथली प्रार्थना रुचत नाही, कोणी घसरतो. घसरलेल्यालाही खुर्ची मोकळी असते.

आणि तो आलाच नाही तर? तर तिने जावे. 1951 पासून 'अल-अ‍ॅनॉन' हे कुटुंबीयांचे स्वतंत्र गट चालतात. नवऱ्याच्या पिण्याला आपण कारण नाही, हे तिला तिथे प्रथमच कोणीतरी सांगते. ''त्यांना बरे नाही'' असे कंपनीत खोटे कळवणे, उधाऱ्या भागवणे, पोरांपुढे पांघरूण घालणे हळूहळू थांबते. पुष्कळदा घरातला पहिला बदल तिथूनच सुरू होतो.

यंदाही कोणी श्रावण पाळेल. त्याला टोमणा मारू नका. महिना संपत आला की एवढेच विचारा : ''एका मीटिंगला जाऊन येऊया का? मी येते सोबत.''