उतरवलेल्या ट्यूबचे काय?

ट्यूबलाईटचा शेवट आता तारखेसह ठरला आहे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातील देशांची पाचवी परिषद 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात झाली. पारा असलेल्या लांब नळ्यांची निर्मिती, आयात आणि निर्यात 2027 अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यावर तिथे एकमत झाले. घराघरांत लागणाऱ्या सीएफएलसाठी 2025 ची मुदत त्याआधीच, 2022 च्या बाली परिषदेत ठरली होती. युरोपीय संघाने तर 2023 मध्येच आपल्या बाजारातून नेहमीच्या ट्यूब आणि सीएफएल हद्दपार केल्या. भारताने जून 2018 मध्ये या कराराला मान्यता दिली आहे.

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात या निर्णयाने लगेच काही हलणार नाही, कारण बंदी बनवण्यावर आणि आयात-निर्यातीवर आहे, वापरण्यावर नाही. शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात, सोसायटीच्या कार्यालयात लागलेली ट्यूब जळेपर्यंत जळेल. पण ती कधीतरी उतरेलच. मराठवाड्यातल्या उरल्यासुरल्या ट्यूब येत्या काही वर्षांतच भिंतीवरून खाली येणार आहेत, आणि त्या उतरवून ठेवायच्या कुठे, हा प्रश्न त्या बदलण्यापेक्षा मोठा आहे.

या भागाने ट्यूबवर जीव लावला, हेही खरे. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बखाली वाचताना डोळे ताणायचे; चाळीस वॅटच्या ट्यूबने अख्खी खोली उजळायची. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ने राज्यभर नाव कमावले, त्यामागची कितीतरी रात्रीची पाठांतरे अभ्यासिकांमधल्या ट्यूबखालीच झाली. लग्नाच्या मांडवाला आणि गणपतीच्या कमानीला ट्यूबच्या रांगा लागत. व्होल्टेज पडले की स्टार्टर टिकटिक करायचा, ट्यूब फडफडत राहायची, मग कुणीतरी खुर्चीवर चढून ती थोडी फिरवायचे. पुढे भारनियमनाच्या वर्षांत सीएफएलचा बोलबाला झाला. 2009 मध्ये केंद्राच्या बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब देऊन 15 रुपयांत सीएफएल घेण्याची सोय होती. तेव्हा ते शहाणपणाचेच पाऊल होते.

पारा या दिव्यांत चुकून आलेला नाही; दिवा चालतो तोच पाऱ्यावर. नळीतल्या विरळ वाफेतून वीज गेली की पाऱ्याचे अणू डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण सोडतात. काचेच्या आतून दिलेला पांढरा लेप ते किरण शोषून उजेड देतो. म्हणून पाऱ्याचे प्रमाण कमी करता येते, शून्य करता येत नाही. तीस वॅटपर्यंतच्या सीएफएलसाठी भारतीय नियमांत 2.5 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जुन्या जाड ट्यूबमध्ये मात्र पारा याच्या कितीतरी पट असे.

मिलिग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पारा साध्या तापमानालाही उडतो आणि त्याच्या वाफेला ना वास, ना रंग. श्वासातून ती थेट रक्तात जाते आणि मज्जासंस्था व मूत्रपिंडांना इजा करते. लहान मुलांना आणि गर्भाला धोका अधिक. पाण्यात पोचलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात, आणि ते लहान माशातून मोठ्या माशात, तिथून माणसात साठत जाते. जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेले मिथाइल मर्क्युरी असेच माशांतून माणसांत पोचले. तिथल्या आजाराची अधिकृत नोंद 1956 ची. कराराला गावाचे नाव दिले ते त्या माणसांच्या स्मरणार्थ. एका फुटलेल्या ट्यूबने मिनामाता घडत नाही. पण उकिरड्यावर वर्षानुवर्षे फुटत राहणाऱ्या ट्यूबचा पारा कुठे नाहीसा होत नाही. लातूर जिल्ह्यातल्या घरणी, तिरू, मन्याड या नद्यांचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते.

सीएफएलच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला जायचा. कोळशातही पारा असतो आणि तो औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून हवेत जातो. वीज वाचली की तेवढा पारा कमी. चाकूर तालुक्यातल्या लातूर रोड जंक्शनवरून रेल्वेचा एक फाटा परळीला, म्हणजे औष्णिक केंद्राच्याच गावाला जातो, तेव्हा हा हिशेब इथे परका नाही. पण एलईडीने तो मुद्दा निकालात काढला. चोकसकट पन्नास वॅटच्या आसपास वीज खाणाऱ्या ट्यूबच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी पुरते, आणि तिच्यात पारा नसतो. सरकारी खरेदीत 2014 साली 310 रुपयांना पडणारा एलईडी बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. ट्यूबची बाजू घेण्याचे कारणच उरले नाही.

उरला तो कचरा. 2016 च्या घनकचरा नियमांनी सीएफएल आणि ट्यूबलाईट यांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले. ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता ते वेगळे ठेवायचे, आणि शहरात दर 20 चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र उघडायचे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे नगरपंचायत कितीही लहान असो, तिच्या हद्दीत एक केंद्र आलेच. दुसरीकडे, 2022 च्या ई-कचरा नियमांनी मोठ्या ग्राहकांवर जबाबदारी टाकली. पण वर्षात किमान 1000 विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारा तो मोठा ग्राहक. जिल्हा परिषदेची पंधरा ट्यूबची शाळा त्यात बसत नाही. तिच्या ट्यूब भंगारवाल्याकडे जातात. त्याला हव्या असतात दोन टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या. काच तो तिथेच फोडतो आणि पहिली वाफ त्याच्याच छातीत जाते. या साखळीत सर्वांत कमी मिळकत त्याची आणि सर्वांत जास्त धोकाही त्याचाच, ही गोष्ट चीड आणणारी आहे.

घरात ट्यूब फुटलीच, तर आधी पोरांना बाहेर काढावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि दहा-पंधरा मिनिटे तिकडे फिरकू नये. झाडू मारू नये, व्हॅक्यूम क्लिनर तर मुळीच नको. त्याने पारा खोलीभर पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलावा, सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे आणि हात धुवावेत.

न फुटलेल्या ट्यूबसाठी उपाय स्वस्त आहे. नवी पट्टी ज्या खोक्यात येते त्यातच जुनी नळी घालावी आणि खोकी एका कोपऱ्यात उभी ठेवावीत. ग्रामपंचायत किंवा शाळा एलईडीचे काम देते तेव्हा कार्यादेशात एक ओळ वाढवता येते: जेवढ्या ट्यूब उतरवल्या तेवढ्या अखंड मोजून जमा केल्याशिवाय बिल निघणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक कुलूपबंद खोली मिळाली, तर शंभर गावांच्या नळ्या तिथे साठतील आणि एका टेम्पोत अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जातील. वीजबिलात जी बचत होते, तिच्यातून त्या टेम्पोचे भाडे सहज निघते.