नागपाड्याआधीची शाळा

समाजकार्याच्या शिक्षणावर मराठीत कुणी लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं आणि भारतात हा विषय सुरू झाला. स्मरणिकांत हेच, नेट-सेटच्या गाइडांतही हेच. नागपाड्याचं नेबरहूड हाउस, ते चालवणारे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट, १९४४मध्ये झालेलं 'टिस' हे नामांतर, पुढे देवनारचं आवार, हे सगळं या अंकाच्या वाचकांना तोंडपाठ असेल. माझं भांडण त्या वाक्याच्या उत्तरार्धाशी आहे आणि ते जुनं आहे.

१८८९ साल घ्या. त्या सप्टेंबरात शिकागोच्या कामगारवस्तीत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल हाउस उघडलं. जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याला मानाचं पान आहे. त्याच वर्षी ११ मार्चला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. म्हणजे सहा महिने आधी! रमाबाई त्याआधी अमेरिका हिंडून आल्या होत्या. तिथल्या स्त्रियांच्या संस्था, दानधर्माची व्यवस्था, शाळा त्यांनी बारकाईनं पाहिल्या आणि त्यावर त्याच वर्षी मराठीत पुस्तक लिहिलं. गोऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचं आणि काळ्यांचं काय केलं, तेही त्यांनी झाकून ठेवलं नाही. इकडची बाई तिकडे जाऊन तिथल्या समाजाची पाहणी करते आणि ती आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत लिहिते, याला फिल्डवर्क म्हणायचं नाही तर कशाला?

आमच्यातल्या एका पंथाला हे पटत नाही. त्यांच्या मते हे 'स्वयंसेवी कार्य', शास्त्र नव्हे. दुसऱ्या पंथाला जेम्स मिजलींचं १९८१चं 'प्रोफेशनल इम्पीरियलिझम' सापडल्यापासून सगळंच परकी आयात वाटतं. परिसंवादात हे दोन्ही पंथ शेजारी बसतात आणि दोघांनाही विठ्ठल रामजी शिंदे अडचणीचे वाटतात.

शिंदे जमखंडीचे. हे गाव आज कर्नाटकात आहे, म्हणून मैसूरला बसून त्यांच्यावर लिहिताना मला जरा जास्तच आपलेपणा वाटतो. १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होते. विलायतेहून परतले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. न्यायमूर्ती चंदावरकर अध्यक्ष, शेठ दामोदरदास सुखडवाला यांचा पैसा, आणि प्रत्यक्ष कामाला शिंद्यांच्या घरची माणसं. बहीण जनाबाई तर आयुष्यभर त्यात राहिल्या. शाळेमागोमाग दवाखाना आला, वसतिगृह आलं, हाताला काम मिळावं म्हणून उद्योगवर्ग आले. मुरळ्यांच्या प्रश्नातही ते उतरले. खानेसुमारीतून अस्पृश्यांचे प्रांतवार आकडे काढून ते सभांतून मांडत, आणि आकड्यांवर भागलं नाही तर गावोगाव जाऊन दैवतं, आडनावं, वतनं, चालीरीती विचारत. 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' १९३३मध्ये छापून आला. त्यातलं पुष्कळसं या पायपिटीतून आलेलं आहे. वस्तीत राहणं, मोजणं, ऐकणं, टिपून ठेवणं आणि मग संस्था उभारणं, हा क्रम आज आम्ही चार सेमिस्टरांत शिकवतो. शिंद्यांच्या रोजनिशा आणि 'माझ्या आठवणी व अनुभव' वाचले तर तो क्रम घडताना दिसतो, चुकतानाही दिसतो. १९२३मध्ये ते मंडळीतून बाजूला झाले. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांच्या हाती ती कधी द्यायची, हा तेव्हाचा वाद मी वर्गात नेहमी मांडत असे. मुलं जागी व्हायची.

याच मुंबईत १९११मध्ये ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग निघाली. रात्रशाळा, फिरती वाचनालयं आणि स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षणवर्ग, तेही नागपाड्याच्या शाळेच्या आधी. मॅन्शार्टना मी कमी लेखत नाही. ज्या शहरात ते आले तिथं जमीन नांगरलेली होती, एवढंच म्हणतो.

बाहेरच्या जगाचा आढावा संपादकांना हवा आहे, तो उरकतो. समाजकार्याच्या शाळा निघत गेल्या त्या अशा: ॲमस्टरडॅम १८९९, बर्लिनला ॲलिस सालोमन १९०८, चिलीत सँटियागो १९२५, पुढे कैरो आणि जोहान्सबर्ग. चीननं १९५२मध्ये हा विषयच विद्यापीठांतून काढून टाकला आणि नंतर परत आणला. लॅटिन अमेरिकेत साठच्या दशकात फार मोठी घुसळण झाली, तिथून पावलो फ्रेरे आपल्याकडे पोचले. न्यूझीलंडपाशी मात्र थांबायला हवं. माओरी मुलांना घरांतून उचलून संस्थांत ठेवण्यावर १९८८मध्ये तिथं एक सरकारी अहवाल आला, 'पुआओ-ते-अता-तू', आणि दुसऱ्याच वर्षी कायदा झाला. मुलाचं काय करायचं हे ठरवायला आता आधी आजी-आजोबा, काका-मामा, सगळं गणगोत एकत्र बसतं आणि ते आपसांत बोलत असताना समाजकार्यकर्ता खोलीबाहेर थांबतो. ही पद्धत मग इंग्लंड-अमेरिकेनंही उचलली.

हे ऐकलं की आपल्याकडचे देशीवादी टाळ्या वाजवतात: बघा, आपली भावकीची बैठक! थांबा जरा. आपल्या बैठकीत सून बोलते का? जातपंचायतीही देशीच आहेत, आणि त्यांनी वाळीत टाकलेल्यांसाठी महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. १९८४मध्ये 'टिस'नं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी स्पेशल सेल उघडला तो याच पेचातून. बाईला न्याय बैठकीत मिळत नाही आणि चौकीत तिची तक्रार कुणी धड ऐकत नाही, म्हणून समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात जाऊन बसली. ही कल्पना ना शिकागोची, ना भावकीची. इथं सुचलेली आणि इथं टिकलेली.

मराठी माणसांनी या विषयाला दिलेलं मोठं नाव मा. स. गोरे. हुबळीचा जन्म, १९६२पासून वीस वर्षं 'टिस'चे संचालक. त्यांच्याआधीचे संचालक अ. र. वाडिया तर मैसूरच्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून मुंबईला गेलेले. इथल्या जुन्या प्राध्यापकांच्या बोलण्यात ते अजून येतात. गोऱ्यांनी १९६५मध्ये समाजकार्य-शिक्षणावर जे पुस्तक लिहिलं त्यावर दोन पिढ्या पोसल्या. आणि १९९०मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी शिंद्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, इंग्रजीत. व्यवसायाचा सगळ्यात मोठा मीमांसक उतारवयात शिंद्यांकडे वळतो, तरी आमच्या अभ्यासक्रमात शिंदे 'समाजसुधारक' या प्रकरणात चार ओळींत बसवलेले! तेही बहुधा आगरकर आणि कर्वे यांच्यामध्ये.

आज काय चाललंय? १९४८च्या फॅक्टरी ॲक्टनं पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला, तेव्हापासून निम्मा वर्ग कारखान्याकडे डोळे लावून बसू लागला. त्याचंच पुढे एचआर झालं. २०१३च्या कंपनी कायद्यानं सीएसआर आणला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, तक्ते भरायचे असतात. विदर्भ-मराठवाड्यातली मुलं पेपर मराठीत लिहितात खरं, पण व्यक्ती सहयोग कार्य, गट कार्य, समुदाय संघटन असल्या गाइडी मराठीत; वस्तीतल्या कुठल्या बाईनं ही भाषा ऐकलेली नसते. फिल्डवर्कचे रिपोर्ट तर गेल्या वर्षीच्या सिनियरचे, नाव बदललेले.

मैसूरच्या बोगादीत मुलीकडे राहायला आल्यापासून इथल्या विद्यापीठाची, मानसगंगोत्रीची मुलं अधूनमधून घरी येतात. रस्ता तसाच पुढे गद्दिगेकडे आणि हेग्गडदेवनकोटे तालुक्याकडे जातो. तिथं जेनु कुरुब आदिवासींच्या हाड्या, म्हणजे वस्त्या, आहेत, जंगलातून आणि काबिनी धरणाच्या पाण्यातून उठवलेल्या माणसांच्या. एक मुलगी तिथला रिपोर्ट घेऊन आली. इंग्रजी नेटकं होतं. मी विचारलं, ज्या आजीबद्दल हे लिहिलंस तिला वाचून दाखवलंस का? तिला प्रश्नच कळेना. सुपरव्हायझर वाचतात की सर, म्हणाली.

मी माझ्या विद्यार्थ्यांना सक्ती करत असे: भेटीची नोंद त्या घरच्या बोलीत लिहायची आणि पुढच्या भेटीत त्या माणसासमोर मोठ्यानं वाचायची. सहकारी हसत. गोपनीयता, वस्तुनिष्ठता, विद्यापीठाचा नमुना, सगळे आक्षेप आले. पण वाचून दाखवताना माणसं अडवत: असं नाही बोलले मी, पोराचं वय चुकलं, आणि हे शेवटचं काढून टाका, सासूच्या कानावर जाईल. त्या खाडाखोडीत जेवढं केसवर्क शिकायला मिळे तेवढं मला कुठल्या पुस्तकात दिसलं नाही. त्या मुलीला मी तेच सांगितलं. तिची अडचण निराळी निघाली: आजी बोलते ती भाषा हिला येत नाही आणि हाडीतल्या ज्या पोरानं दुभाषाचं काम केलं त्याचं नाव रिपोर्टात कुठंच नाही. आधी ते घाल म्हटलं, मग पुढचं बघू.