खानदानी म्हणजे कोण?

सोयरीक निघाली की आपल्या राजूरातही पहिला प्रश्न येतो, "घराणं खानदानी आहे ना?" या शब्दांचा अर्थ आज पाहू.

'खानदान' हा फारसी शब्द. अर्थ साधाच, घराणं. 'कुलीन' म्हणजे चांगल्या कुळातला. 'उमराव' हे अरबी 'अमीर' शब्दाचं अनेकवचन. अमीर म्हणजे हुकूम देणारा, सरदार. पुढे आपण पैसेवाल्यालाच अमीर म्हणू लागलो.

देशमुख, पाटील ही तर मुळात कामांची नावं. देशमुख परगण्याचा सारा वसूल करी, पाटील गावाचा. त्याबद्दल वतन मिळे. ते बापाकडून मुलाकडे जाई. अशानं कामाचं नाव आडनाव झालं आणि आडनावालाच मान चिकटला.

१९५० साली संविधानाच्या कलम १८ ने किताब बंद केले. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात महसुली पाटलाचं पद रद्द झालं. आजचं पोलीस पाटलाचं पद वारशाने मिळत नाही. बाईसुद्धा पोलीस पाटील होते.

पदं गेली, पण खानदानाचं ओझं सुनेच्या डोक्यावर राहिलं. "खानदानी घरची बाई ग्रामसभेत बोलत नाही," असं ऐकवतात. शब्दाच्या अर्थात असं काहीच नाही.

आपल्याकडे 'थोर' हाही शब्द आहे. तो कुळ विचारत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्या थोर ठरल्या त्या कामानं.

म्हणून पुढच्या सोयरिकीत विचारा, "त्या घरात सुनेला कसं वागवतात?"