खोल सागराचा शोध आणि त्यामागील तंत्रज्ञान : गोव्यातील संशोधनापासून ‘मत्स्य ६०००’ पर्यंत

सारांश

भारताने खोल सागराच्या संशोधनात १९८१ मध्ये पहिले ठोस पाऊल टाकले आणि त्याचे केंद्र गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे होते. प्रस्तुत लेखात बहुधातुक गोळ्यांच्या सर्वेक्षणाचा इतिहास, खोल पाण्यातील अडचणींवर मात करणाऱ्या तंत्रज्ञानाची मूलतत्त्वे, मानवयुक्त पाणबुडीची जडणघडण आणि सागरी खाणकामातून उद्भवणारे पर्यावरणीय व आर्थिक प्रश्न यांचा परामर्श घेण्यात आला आहे. सागरतळाचा शोध घेणे आणि सागरतळ खोदणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व पहिल्या कार्याची निकड दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बहुधातुक गोळे, मध्य हिंदी महासागर खोरे, जलदाब, ध्वनिमापन, समुद्रयान, सागरी पर्यावरण.

प्रस्तावना

चाकण औद्योगिक पट्ट्यातील महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांचा समुद्राशी वरवर पाहता काहीही संबंध नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या या परिसराची ओळख वाहननिर्मिती आणि तिला पूरक असणारे असंख्य लहानमोठे कारखाने अशी आहे. तथापि या कारखान्यांत रोज वापरल्या जाणाऱ्या धातूंचा विचार केला, तर हा संबंध स्पष्ट होऊ लागतो. गंजरोधक पोलादात निकेल असते, वाहनातील विजेच्या जोडणीत तांबे असते, बहुतेक सर्व पोलादांत मँगनीज असते, तर विजेवर चालणाऱ्या अनेक वाहनांच्या बॅटऱ्यांत निकेल, कोबाल्ट आणि मँगनीज ही तिन्ही असतात. यांपैकी निकेल आणि कोबाल्ट यांच्यासाठी भारत जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून आहे. हेच चार धातू हिंदी महासागराच्या तळाशी बटाट्याच्या आकाराच्या काळसर गोळ्यांत एकत्र आढळतात. त्यामुळे खोल सागराचा प्रश्न केवळ किनारपट्टीचा अथवा केवळ समुद्रशास्त्रज्ञांचा उरत नाही. भौतिकशास्त्र, यंत्रशास्त्र, वाणिज्य, भूगोल आणि कायदा या सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांनी त्याची दखल घेणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खोल सागराच्या शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ सामान्यतः ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या काळातील जगप्रदक्षिणेपासून मानला जातो. याच सफरीत सागरतळावरून धातुयुक्त गोळे वर काढण्यात आले. हिंदी महासागर मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १९३३-३४ मधील ‘मबाहिस’ या जहाजाची मोहीम हा त्यातील महत्त्वाचा अपवाद होय. पुढे १९६० नंतरच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन या महासागराचा अभ्यास केला. त्यात भारताचाही सहभाग होता. या मोहिमेचे फलित म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक होत.

संस्थेला स्वतःचे संशोधन जहाज मिळण्यास दहा वर्षे लागली. १९७६ मध्ये दाखल झालेले ‘गवेषणी’ हे जहाजही मुळात संशोधनासाठी बांधलेले नव्हते. गाळ वाहून नेणाऱ्या बार्जमध्ये फेरफार करून ते तयार करण्यात आले होते. याच जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी भारतीय शास्त्रज्ञांनी बहुधातुक गोळ्यांचा पहिला नमुना वर काढला. त्याच वर्षी केंद्र शासनाने महासागर विकास विभाग स्थापन केला. १९८३ मध्ये ‘सागर कन्या’ हे खास संशोधनासाठी बांधलेले जहाज उपलब्ध झाले.

सर्वेक्षणाचे स्वरूप आणि हक्काचा प्रश्न

मध्य हिंदी महासागर खोऱ्यातील हे गोळे ४००० ते ६००० मीटर खोलीवर, मऊ चिखलावर विखुरलेले असतात. एखाद्या माशाचा दात किंवा जुन्या गोळ्याचा तुकडा यांभोवती पाण्यातील धातूंचे थरावर थर साचून ते तयार होतात. ही वाढ दहा लाख वर्षांत केवळ काही मिलिमीटर इतकी मंद असते. त्यांचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी मुक्तपाती पकडसाधनांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. जहाजावरून सोडलेले हे साधन वजनाच्या भाराने तळाशी जाते, चिमट्याप्रमाणे मिटून नमुना पकडते, भार तेथेच सोडून देते आणि काचेच्या पोकळ गोळ्यांच्या उत्प्लावक बलाने पुन्हा पृष्ठभागावर येते. यात दोरखंडाची गरज नसल्याने एका पाठोपाठ अनेक साधने सोडता येतात. आरंभी एक अंश अंतरावर आणि पुढे क्रमाक्रमाने हे अंतर निम्मे करीत नमुने घेण्यात आले.

या परिश्रमाचे कायदेशीर फळ १९८७ मध्ये मिळाले. १९८२ च्या सागरी कायदाविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा मानला जातो. त्यामुळे हक्क मागणाऱ्याने समान मूल्याची दोन क्षेत्रे सुचवावयाची आणि त्यांपैकी एक जागतिक समुदायासाठी राखून ठेवावयाचे, अशी पद्धत ठरली. या व्यवस्थेखाली ‘आद्य गुंतवणूकदार’ म्हणून नोंदणी झालेला भारत हा पहिला देश होय. त्याला दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. नियमानुसार त्यातील कमी उपयुक्त भाग टप्प्याटप्प्याने परत करून अखेरीस ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे राहिले. मार्च २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा समन्वेषण करार झाला व पुढे त्यास मुदतवाढ मिळाली.

हे क्षेत्र महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक चतुर्थांश, तर गोव्याच्या वीसपट आहे. तेथे सुमारे ३८ कोटी टन गोळे असल्याचा अंदाज आहे. म्हणजे दर चौरस मीटरला सरासरी ५ किलोग्रॅम. त्यांत ९.२५ कोटी टन मँगनीज, ४७ लाख टन निकेल, ४२.९ लाख टन तांबे आणि ५.५ लाख टन कोबाल्ट असल्याचे अनुमान आहे. या आकड्यांवरून एक गोष्ट सहज लक्षात येते. गोळ्याच्या वजनात मँगनीज सुमारे २४ टक्के असले, तरी निकेल व तांबे प्रत्येकी एक टक्क्याच्या किंचित वर आणि कोबाल्ट जेमतेम ०.१५ टक्के आहे. अर्थात एक टन कोबाल्ट मिळविण्यासाठी सुमारे ७०० टन गोळे पाच किलोमीटर खोलीवरून वर आणावे लागतील. साठ्याच्या एकूण आकड्याने दिपून न जाता हे गुणोत्तर ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

खोल पाण्यातील अडचणी आणि तंत्रज्ञानाची उत्तरे

(अ) दाब : समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ६००० मीटरवर तो ६०० वातावरणांइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६०० किलोग्रॅम भाराएवढा होतो. साधारण १०० चौरस सेंटिमीटरच्या तळहातावर तेथे ६० टनांचा भार पडेल. पत्रा दाबणाऱ्या ६० टनी प्रेसची पूर्ण ताकद महाळुंग्यातील कामगाराला ठाऊक असते. ती ताकद पाणबुडीच्या कवचाच्या तळहाताएवढ्या प्रत्येक भागावर, सर्व बाजूंनी आणि अखंड पेलावी लागते.

(आ) अंधार आणि संपर्क : सूर्यप्रकाश १००० मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच शोषल्या जातात. त्यामुळे उपग्रहावर आधारित स्थाननिश्चिती तेथे निरुपयोगी ठरते. उरतो तो ध्वनी. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्याने ५२५० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी परत येण्यास ७ सेकंद लागतात. एकाच वेळी अनेक शलाका सोडणाऱ्या ध्वनिमापकांनी जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्याचा नकाशा तयार करता येतो. तरीही आजवर जगाच्या सागरतळापैकी चतुर्थांशाहून किंचित अधिक भागाचेच असे प्रत्यक्ष मापन झाले आहे.

(इ) ऊर्जा आणि उत्प्लावन : पाणबुडीतील सर्वच उपकरणे जाड कवचात ठेवल्यास तिचे वजन आवाक्याबाहेर जाते. म्हणून मोटारी व बॅटऱ्या यांसारखे भाग तेलाने भरलेल्या पेट्यांत ठेवून आतला व बाहेरचा दाब समान राखला जातो. तरंगण्यासाठी काचेचे सूक्ष्म पोकळ कण राळेत मिसळून तयार केलेला विशेष फेस वापरतात. हवा भरलेला साधा फेस या खोलीवर चिरडून जाईल.

भारतीय साधने

चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९९३ मध्ये झाली आणि गोव्यातील शोधकार्याला यंत्रनिर्मितीची जोड मिळाली. तिने विकसित केलेल्या ‘रोसब ६०००’ या दूरनियंत्रित वाहनाने २०१० मध्ये ५२८९ मीटर खोली गाठली. तळावर चालणाऱ्या खाणयंत्राच्या चाचण्या आरंभी उथळ पाण्यात झाल्या. मालवणसमोरील समुद्रात, आंग्रिया बँकेच्या परिसरात, सुमारे ५०० मीटर खोलीवर कृत्रिम गोळे पसरण्याची चाचणीही घेण्यात आली. २०२१ मध्ये ‘वराह’ हे यंत्र मध्य हिंदी महासागरात ५२७० मीटर खोलीवर तळावरून चालविण्यात आले.

१६ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ४०७७ कोटी रुपयांच्या खोल महासागर मोहिमेस मान्यता दिली. त्यातील ‘समुद्रयान’ प्रकल्पाखाली तीन व्यक्तींना ६००० मीटरपर्यंत नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी विकसित होत आहे. तिची नेहमीची कार्यक्षमता १२ तासांची असून आपत्कालीन स्थितीत ९६ तास जीवरक्षण होईल, अशी रचना आहे. तिच्या मनुष्यवाहक गोलाचा अंतर्व्यास २.१ मीटर व जाडी ८० मिलिमीटर असून तो टिटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे.

येथे एक साधे गणित उद्बोधक ठरेल. पातळ कवचाच्या गोलावरील ताण हा दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडीची दुप्पट, या सूत्राने मिळतो. ६० मेगापास्कल दाब, १.०९ मीटर सरासरी त्रिज्या आणि ०.०८ मीटर जाडी घेतल्यास ताण सुमारे ४०० मेगापास्कल येतो. अशा मिश्रधातूची नती-मर्यादा ८०० मेगापास्कलच्या वर असते. म्हणजे सुरक्षिततेसाठी दुपटीचे अंतर उरते. मात्र हे अंतर गोल अगदी गोल असेल तरच खरे. गोलाईत थोडी जरी चूक राहिली, तरी कवच वाकून आत दबण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ धातूच्या ताकदीचा नसून यंत्रकामातील अचूकतेचा आणि जोडकामाच्या निर्दोषतेचाही आहे. एवढ्या जाड टिटॅनियमच्या अर्धगोलांना जोडण्यासाठी इस्रोच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन शलाका पद्धत विकसित करण्यात आली.

गोलाकाराचे महत्त्व एका दुर्घटनेने जगासमोर आणले. समान त्रिज्या व जाडी असता दंडगोलावरील परिघीय ताण गोलावरील ताणाच्या दुप्पट असतो. १८ जून २०२३ रोजी ‘टायटॅनिक’च्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ ही कार्बन तंतूंच्या दंडगोलाकार कवचाची पाणबुडी फुटून पाच जणांचा मृत्यू झाला. तिचे कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणीकरण झालेले नव्हते. या पार्श्वभूमीवर भारतीय प्रकल्पाचे सावध टप्पे समजून घेता येतात. २०२१ मध्ये पोलादी गोलाची ६०० मीटरपर्यंत चाचणी झाली. २०२५ च्या आरंभी कट्टुपल्ली बंदरात पाणबुडीच्या जोडणीनंतरच्या चाचण्या झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीयांनी ‘नॉटील’ या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिक महासागरात अनुक्रमे ४०२५ व ५००२ मीटर खोली गाठून अनुभव घेतला.

शोध आणि खाणकाम : एक आवश्यक भेद

गोळे उचलणे म्हणजे लाखो वर्षांत तयार झालेला कठीण आधार काढून घेणे होय. त्यावर वाढणाऱ्या जीवांना दुसरा आधार नसतो. शिवाय यंत्राने उडालेला गाळ दूरवर पसरतो. या परिणामांची चाचपणी करण्यासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागर खोऱ्यात एक प्रयोग केला. ३००० मीटर लांब व २०० मीटर रुंद अशा पट्ट्यात मुद्दाम गाळ ढवळून त्याचे परिणाम पुढील वर्षांत तपासण्यात आले. पेरूच्या समुद्रात १९८९ मध्ये झालेल्या अशाच प्रयोगातील चरे २०१५ मध्येही स्पष्ट दिसत होते. खाणकामाची आंतरराष्ट्रीय नियमावली जुलै २०२५ च्या किंग्स्टन येथील अधिवेशनातही पूर्णत्वास गेली नाही. अनेक राष्ट्रांनी तूर्त विराम घेण्याची मागणी केली आहे.

आर्थिक बाजूही निश्चित नाही. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांचा प्रसार वेगाने होत असून त्यांना निकेल व कोबाल्ट लागत नाहीत. वाहन उद्योगाची गरज अशी बदलत असताना बॅटरी या एकाच कारणासाठी सागरतळ खोदण्याचा युक्तिवाद दुबळा होतो. दुसरीकडे पोलाद, विशेष मिश्रधातू व विद्युत् यंत्रणा यांची गरज कायम आहे आणि आयातीवरील अवलंबित्वही कायम आहे. त्यामुळे हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढता येत नाही.

शोधकार्याचे मूल्य मात्र या वादावर अवलंबून नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची संस्था यांनी हिंदी महासागरात सुमारे ४५०० मीटर खोलीवरील उष्णजल विवराची छायाचित्रे स्वयंचलित वाहनाद्वारे मिळविली. अशा विवरांभोवतीची जीवसृष्टी सूर्यप्रकाशाऐवजी रासायनिक ऊर्जेवर जगते. जे पाहिलेच नाही, त्याचे जतन करावे की उपयोग, हा निर्णय डोळसपणे घेता येणार नाही.

निष्कर्ष

१. भारताच्या खोल सागरी संशोधनाचा पाया गोव्यात, रूपांतरित बार्जवरून केलेल्या चिकाटीच्या सर्वेक्षणाने घातला गेला.

२. खोल सागरातील तंत्रज्ञान हे मूलतः दाब, ध्वनी आणि उत्प्लावन यांच्या परिचित नियमांचे अत्यंत काटेकोर उपयोजन आहे. पदवीस्तरावरील अध्यापनात त्याचा उदाहरण म्हणून सहज उपयोग करता येईल.

३. अचूक यंत्रकाम, जोडकाम आणि विनाविध्वंस चाचणी ही चाकण परिसरातील उद्योगांना परिचित असलेली कौशल्ये या क्षेत्रातही मोलाची आहेत.

४. साठ्याचे आकडे आणि प्रत्यक्ष मिळणारे धातू यांत मोठे अंतर असून पर्यावरणीय हानी मानवी कालमापनात भरून येणारी नाही. म्हणून खाणकामाचा निर्णय पुरेशा माहितीअभावी घेणे योग्य ठरणार नाही. ती माहिती मिळविण्यासाठीच शोधकार्य अखंड चालू राहिले पाहिजे.