पंचाच्या गावचा कोरडा केक

१९८९ साली आम्ही धुळ्याहून सुरतेला, उधन्यात राहायला आलो. त्याच डिसेंबरात शेजारच्या टीचरबेननी नाताळचा डबा आणून दिला. केकचे चार काप, नानखटाई आणि घुघरे, म्हणजे आपल्या करंज्याच. आईने कापाचा वास घेतला आणि दबक्या आवाजात विचारलं, "यात काही नाही ना?" टीचरबेन हसल्या. गुजरातेत कुठून असणार? मनुका, चेरी, संत्र्याची साल, सगळं आठवडाभर संत्र्याच्या रसात भिजवलं होतं.

गंमत अशी की सुरत एकेकाळी 'पंच' या मद्यपेयाचं गाव होतं. इंग्रजांना जहांगीरचं फर्मान १६१३ मध्ये मिळालं, पाठोपाठ डच आले. १६३८ मध्ये इथे आलेला जर्मन प्रवासी मांडेलस्लो इंग्रजांच्या वखारीतल्या 'पालेपुंट्झ'विषयी लिहितो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. पुढे सुरतेत राहून गेलेल्या फ्रायर या डॉक्टरने पाच जिन्नस म्हणून 'पंच', अशी फोड केली. मांडेलस्लोचे जिन्नस चारच भरतात. पाण्याला त्याने मोजलं नसावं. आज जगभर नाताळात पंचाची भांडी भरतात, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून हे गाव मात्र कोरडं. १९६० मध्ये राज्य वेगळं झालं, कायदा तसाच राहिला.

नानखटाईच्या मुळाशीही दारूच. डचांच्या भट्टीत पाव फुगायचा तो ताडीवर, म्हणून गावातले लोक त्याला शिवत नसत. १८२५ मध्ये डच गेले, गिऱ्हाईक आटलं. १८६१ साली बेकरी काढणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या घराण्याची कथा अशी सांगतात की उरलेला पाव वाळवून विकला तो लोकांना आवडला, आणि त्याच भट्टीतून पुढे बटर, नानखटाई आली. कथेत थोडं मीठमसाला असेल, पण सुरतेहून येणारा पाहुणा आजही नानखटाईचा पुडा घेऊनच येतो.

आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडेच ओव्हन नव्हता. मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, पीठ मळून पत्र्यावर गोळे मांडायचे आणि बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचे. पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी; ती जळली की कुणाची नानखटाई कुणाच्या घरी. टीचरबेन केक मात्र घरीच करत. जाड पातेल्यात वाळू, वर ताटली, तिच्यावर केकचं भांडं. दीड तास झाकण काढायचं नाही, म्हणून मुलांना बाहेर हाकलून देत.

१९९४ च्या सप्टेंबरात प्लेग आला. अर्धी गल्ली गावी पळाली, आम्हीही धुळ्याला गेलो. परतल्यावर कितीतरी दिवस लोक एकमेकांच्या घरचं पाणीही टाळत. त्या नाताळात डबा येईल असं वाटलं नव्हतं. आला. आईने आमच्यासमोर पहिला तुकडा स्वतः खाल्ला.

आता ओव्हन घरोघरी आहेत. ऑर्डरीचे केक खिडकीच्या खोक्यात येतात, रमचं इसेन्स घातलेले. मला तो वास खोटा वाटतो. संत्र्याच्या रसाची आंबटगोड ओल त्यात नाही. २०२३ मध्ये नाताळच्या तोंडावर गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत मद्याला सवलत मिळाली, पण ती आमच्यापासून लांब.

डब्यासोबत टीचरबेन नीरेची बाटलीही देत. थंडीत पहाटे केंद्रावर जाऊन आणलेली. "अत्यारे ज पी लेजो," हे दरवर्षी बजावत, कारण ऊन चढलं की नीरेची ताडी होते. एका वर्षी पाहुण्यांच्या गडबडीत बाटली ओट्यावर तशीच राहिली. दुपारी बूच फट्कन उडालं. आईने वास घेतला, दार लोटलं आणि सगळी बाटली गूळ घातलेल्या कणकेत ओतली. संध्याकाळपर्यंत पीठ पातेल्याबाहेर आलं.

डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून त्याच पिठाचे गुलगुले तळून आईने तो भरून दिला. टीचरबेननी एक तोंडात टाकला, आईकडे पाहिलं, आणि दुसरा उचलला.