जुने खेळ आणि ड्राइव्हची कीर्द-खतावणी

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या ड्राइव्हवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जुनी कागदपत्रे कपाटात नीट लावली नाहीत तर ती असून नसल्यासारखी होतात. संगणकातील फाइलींचीही गत तीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि घरात ड्राइव्हही एकच. त्यात माझ्या नोट्स, धाकट्या भावाला हवे असलेले जुने व्हिडिओ गेम आणि कै. आजीचे मोजके फोटो, जे दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यामुळे हा ड्राइव्ह खेळाच्या संगणकाला कसा जोडावा, हा प्रश्न आमच्यापुरता केवळ खेळाचा राहिला नाही.

प्रथम हा खेळाचा संगणक म्हणजे काय ते पाहू. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा ब्रिटिश संगणक २०१२ साली प्रथम बाजारात आला. त्यावर लिनक्सवर आधारलेली रेट्रोपाय किंवा बाटोसेरा ही प्रणाली चढवली, की तो जुन्या खेळयंत्रांची हुबेहूब नक्कल करतो. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली निघाला. आपल्याकडे त्याच्या नकला टीव्हीला जोडून आणि वर ‘कॅसेट’ खोचून आपली दादामंडळी खेळली. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० किलोबाइटचा होता. पुढे खेळ सीडीवर आले आणि एकेक खेळ शेकडो मेगाबाइटचा झाला. त्यानंतरच्या एकपदरी डीव्हीडीत तर सुमारे ४७० कोटी बाइट मावतात. संगणकातले छोटे मेमरी कार्ड मग पुरत नाही, बाहेरचा ड्राइव्ह लागतो. (यांतील बहुतेक खेळांचे हक्क अजून त्यांच्या कंपन्यांकडे आहेत, म्हणून निर्मात्यांनी मोफत दिलेल्या खेळांपासून सुरुवात करणे बरे.)

आता ‘फाइल सिस्टिम’. ड्राइव्ह म्हणजे नुसती कोरी पाने. कोणती फाइल कोणत्या पानांवर आहे, तिची लांबी किती, मालक कोण, याची नोंद ठेवण्याची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. अशा चार पद्धती आपल्याला भेटतात.

पहिली फॅट-३२. ही १९९६ पासूनची असून जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळते. पण तिच्यात फाइलीची लांबी लिहिण्याचा रकाना ३२ बिटांचा आहे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. एवढ्या बाइटांहून मोठी फाइल तिच्यात ठेवताच येत नाही, म्हणजे भरलेल्या डीव्हीडीची प्रत येथेच अडते. दुसरी एक्सफॅट, २००६ ची. हिच्यात ही अडचण नाही; ती विंडोजला, मॅकला आणि आता लिनक्सलाही सहज वाचता येते. तिसरी एनटीएफएस, १९९३ ची, ही विंडोजची घरची. लिनक्स ती वाचते-लिहिते. मात्र विंडोजवरून ड्राइव्ह नीट बंद न करता ओढून काढला असेल, तर लिनक्स तो कित्येकदा केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडतच नाही. चौथी एक्स्ट-४, लिनक्सची घरची, २००८ साली पक्की झालेली. फाइलीचा मालक, परवानगी आणि एका फाइलीकडे दुसरीकडून बोट दाखवणारे दुवे, हे सारे लिनक्सच्या रीतीने ती जपते. पण विंडोजला ही लिपीच येत नाही.

यापुढचा भेद मला वडिलांच्या कामावरून समजला. ते सातवीपर्यंत शिकलेले असून अडतीच्या दुकानात हिशेब लिहितात. व्यवहार घडला की तो आधी रोजकीर्दीत उतरतो आणि मग सावकाश खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. खतावणी लिहिताना दिवे गेले, तर दुसऱ्या दिवशी कीर्द पाहून उरलेले काम पुरे करता येते. एनटीएफएस आणि एक्स्ट-४ अशी कीर्द ठेवतात. फॅट-३२ आणि एक्सफॅट यांना कीर्दच नाही; त्या थेट खतावणीत लिहितात. खेळ ‘सेव्ह’ होत असतानाच वीज गेली, तर खतावणीचे पान अर्धवट राहते, आणि शेजारच्या खात्यांचा हिशेबही बिघडू शकतो. आमच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा ही गोष्ट मला वेगापेक्षा महत्त्वाची वाटली. अर्थात कीर्द म्हणजे कवचकुंडले नव्हेत. एक्स्ट-४ ची नेहमीची कीर्द नोंदींची असते, फाइलीतल्या मजकुराची नव्हे. मांडणी शाबूत राहते, पण शेवटचा ‘सेव्ह’ जाऊ शकतो.

मग सगळाच ड्राइव्ह एक्स्ट-४ का करू नये? कारण तोच ड्राइव्ह मला झेरॉक्सच्या दुकानात नोट्स छापायला न्यावा लागतो. तेथील विंडोज संगणकाला एक्स्ट-४ चा ड्राइव्ह लावला, की तो ‘आधी फॉर्मॅट करावा लागेल, करायचा का?’ असे विचारतो. गर्दीत कोणी सहज ‘हो’ वर बोट ठेवले, की आजीचे फोटो गेलेच म्हणायचे.

राहिली जोडणी. विंडोज प्रत्येक ड्राइव्हला सी, डी, ई असे स्वतंत्र अक्षर देते. लिनक्समध्ये मात्र सगळ्या फोल्डरांचे एकच झाड असते आणि नवा ड्राइव्ह त्याच्या एखाद्या फांदीवर कलम करावा लागतो. यालाच ‘माउंट’ करणे म्हणतात. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ज्या फोल्डरवर ड्राइव्ह बसवाल त्यातल्या आधीच्या फाइली तो ड्राइव्ह निघेपर्यंत झाकल्या जातात. नष्ट होत नाहीत. म्हणून खेळांचे फोल्डर आधी ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि मगच त्या जागी ड्राइव्ह बसवावा. दोन, ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे ड्राइव्ह सापडण्याच्या क्रमाने मिळतात, म्हणून ती बदलू शकतात. बाकावरच्या जागेवरून नव्हे, तर हजेरीपटावरच्या क्रमांकावरून विद्यार्थी ओळखावा, तसा ड्राइव्ह त्याच्या यूयूआयडी या कायम ओळखक्रमांकाने ओळखावा. ‘ब्लकआयडी’ ही आज्ञा तो सांगते.

रेट्रोपायमध्ये ही नोंद ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत एका ओळीत लिहितात: ओळखक्रमांक, फोल्डर, फाइल सिस्टिमचे नाव, अटी आणि शेवटी दोन आकडे. अटींत ‘नोफेल’ अवश्य लिहावे. ते नसेल आणि ड्राइव्ह लावलेला नसेल, तर संगणक साधारण दीड मिनिट वाट पाहतो आणि मग सुरू होण्याचेच नाकारतो. फॅट-३२ व एक्सफॅटमध्ये फाइलीचा मालक नोंदलेला नसतो, म्हणून तो अटींतच सांगावा लागतो. एक्स्ट-४ ला तीच अट लिहिली तर ड्राइव्ह जोडला जात नाही. तेथे मालकी फाइलींनाच द्यावी लागते.

आम्ही शेवटी असे ठरवले: खेळांसाठी एक लहान, वेगळा ड्राइव्ह एक्स्ट-४ करून तो पायलाच लावून ठेवायचा. घरचा ड्राइव्ह एक्सफॅटच राहील. पण आजीच्या फोटोंची एक प्रत मामांच्या संगणकावर आणि एक माझ्या मोबाइलमध्ये ठेवली. पैसे थोडे जास्त गेले, तरी वडिलांना हिशेब पटला. ‘कोणती फाइल सिस्टिम चांगली?’ असे विचारण्यापेक्षा ‘हा ड्राइव्ह आणखी कोणाकोणाच्या हातात जाणार, आणि मध्येच वीज गेली तर काय गमवावे लागेल?’ असे विचारावे. मित्रहो, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहा आणि मगच ‘फॉर्मॅट’ वर बोट ठेवा.